वाडी विकायची नाही

फोन वाजला तसा दिनानाथ चिकूच्या आळ्यात पाणी वाहतं सोडून घराकडे धावला. चिखलाच्या पायांनी पडवीतून आत आला आणि रिसीव्हर उचलून ओरडला, "वाडी विकायची नाही. किती वेळा सांगायचं?"

पलीकडून कोणी बोललं नाही. मागे कुठेतरी बायका बोलत होत्या, कोयत्याचे घाव ऐकू येत होते. मग फोन बंद झाला.

त्याची मुलगी हिमानी फोनवर वाकून नंबर वाचत होती. नंबर दिसणारा हा फोन तिने सकाळीच बोईसरहून आणून जोडला होता. आई गेल्यापासून रोज दुपारी हे चाललं होतं. बाबांना वाटत होतं, जमिनीचे दलाल आहेत. तिला वेगळीच भीती होती.

"दलाल बोलतात, बाबा. न बोलणारे घरात कोण आहे ते बघतात. म्हातारा माणूस एकटा राहतो एवढं त्यांना कळलं की झालं."

"म्हातारा कोण?"

"आज मी हा फोन बंद करून टाकणार. आणि तुम्ही चला माझ्याकडे बोईसरला. वाडीवर माणूस ठेवू."

 दिनानाथ फोनशेजारच्या खुर्चीत बसला. परत वाजला तर दोन शब्द सुनावायचे होते. रोज तो असाच बसून राहायचा. बसल्या बसल्या त्याने सकाळी झाकून ठेवलेलं ताट पुढे ओढलं आणि भात कालवला. बायको, शालू, गेल्यापासून आपण आपले वेळेवर जेवतो, याचा त्याला मनातून थोडा अभिमान होता.

हिमानीने तोवर आपल्या मोबाइलवरून तो नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"कोन हाय?" बाईचा आवाज.

"तुम्ही कोण? रोज फोन करून माझ्या बाबांना छळता. हा नंबर आता पोलिसांत देणार आहे मी."

पलीकडचा कोयता थांबला.

"हिमानी का गो? मी नवसी. सातपाटीची."

आईला दारात मासळी द्यायला येणारी नवसी. पाटी पडवीत उतरवून चहा घेतल्याशिवाय ती कधी उठली नव्हती. आई गेली, घरात मासळी बंद झाली आणि नवसीचं येणंही थांबलं.

"मावशी, तू? मग बोलत का नाहीस?"

"तुझ्या आयशीनंच नको सांगितलं. पालघरच्या दवाखान्यात तिला बघायला गेले, तवा बोलली, नवसी, दुपारचा घरी फोन लावत जा. मी ह्यांना हाक मारली तर आलो म्हनतात आनि उन्हातच राहतात. फोन वाजला की मात्र धावत येतात."

"मग जेवा म्हणायचं ना त्यांना."

"मी पन तेच बोलले. तर हसली. बोलली, जेवा म्हटलंस तर जेवलो म्हनून सांगतील, आनि परत वाडीत. तू गप राहा. राग आला की ते फोनजवळ बसून राहतात. बसले की जेवतात."

दिनानाथचा हात ताटात तसाच राहिला.

"भाऊ, ऐकताय ना?" नवसी म्हणाली. "मला तुमची वाडी नको. रोज रोज सांगत जाऊ नका."

हिमानीला हसू आलं. तिने बाबांकडे पाहिलं आणि ते हसू तिथेच राहिलं.

दिनानाथने डाव्या हाताने मोबाइल मागून घेतला. 

"नवसी."

"हां, भाऊ."

"उद्या पाटी घेऊन ये. चहा मला करता येतो."

"येते. मंग आता फोन नको ना?"

दिनानाथने दाराबाहेर पाहिलं. आळं भरून पाणी वाटेवर आलं होतं. तो खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा," हिमानी म्हणाली. "मोटर मी बंद करते." ती चपला घालून वाडीत गेली. बोईसरचं तिने परत काढलं नाही.

दिनानाथ खाली बसला. ताटात अजून भात होता.

"फोन करत जा," तो म्हणाला. "पण बोलू नकोस."