कानामागची टिकली

डॉक्टर शेफाली मगदूम यांनी भालचंद्र उपळेकरांच्या कानामागची टिकली चिमट्याने अलगद काढली. रात्रीची खा-खा मेंदूतच थोपवणाऱ्या या टिकल्या आता घरोघरी झाल्या होत्या. वर्षातून एकदा बदलून घेतली की काम भागायचं.

"काका, वजन झकास उतरलंय. रात्री डबे उघडणं बंद?"

"बंद म्हणजे बंद! सुरुवातीला जीव नुसता कासावीस व्हायचा. चिवड्याचा डबा हाका मारायचा. मग पाणी प्यायचो, अंगणात फेऱ्या घालायचो आणि पुन्हा येऊन पडायचो."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. टिकली लावल्यावर जीव कासावीस होणारच कसा? त्यांनी ती दिव्याखाली धरली. कडेच्या गोंदावर ती वर्षभर चिकटून राहिली होती, पण मधल्या चकतीवरचं पातळ प्लास्टिक तसंच होतं. चकती कातडीला कधी लागलीच नव्हती.

"हे प्लास्टिक काढलं नाहीत?"

"मीच लावली ना ती," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी कुमुदकाकू म्हणाल्या. "नवी वस्तू, उगाच खराब होईल म्हणून राहू दिलं. आमच्या रिमोटचंही अजून काढलेलं नाही."

"काका, ही टिकली एक दिवसही चालली नाही."

उपळेकरांची पाठ ताठ झाली.

"मग चिवडा कोणी सोडला?"

"तुम्ही."

"जरा हिच्याकडे बघून सांगा."

"काकू, यांनी सोडला. एकट्याने."

डॉक्टरांनी सवयीने नवी टिकली पुढे केली.

"ती द्या कुणा गरजूला," उपळेकर रुबाबात म्हणाले आणि उठले.

डॉक्टरांचा हात नकळत स्वतःच्या कानामागच्या टिकलीकडे गेला.