पडद्यावरची लाल पट्टी

सासूबाईंच्या गावाला, पोशेऱ्याला जाणारी जीप हलली तेव्हा समृद्धी आजीच्या मांडीवरून हर्षदाकडे बघून हसत होती. आठ महिन्यांच्या पोरीला काय कळणार, आपण कुठं निघालो ते. हर्षदानंही हसून हात हलवला. जीप वळणाआड गेली आणि तिचा हात आपोआप खाली आला.

सासूबाईंचं तरी काय चुकलं होतं? गेल्या महिन्यात कमूबाई जव्हारच्या बाजाराला आल्या आणि लेकाच्या घरी डोकावल्या. आतल्या खोलीत नातीचा पाय झोळीत अडकलेला, रडून रडून घसा बसलेला. सून बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर नावं टाइप करत बसलेली. हर्षदाला लहानपणीच्या तापापासून ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ वाचून ती बोलणं समजून घेई. पण भिंतीपलीकडचे ओठ कोण वाचणार? कमूबाईंनी भांडण केलं नाही. फक्त लेकाला, धर्मेंद्रला म्हणाल्या, "मी परत येईन तवर पोर रडली का तुजा डबा हिला सांगाया लागला तर बरं. नायतर पोर मी नेईन. लागला का मग घेऊन जा."

डबा म्हणजे कॉम्प्युटर. धर्मेंद्र जव्हारात एका क्लासमध्ये तोच शिकवायचा. त्यानं झोळीच्या आकड्याला माइक बांधला आणि वायर भिंतीतून बाहेरच्या कॉम्प्युटरला आणली. आत आवाज झाला आणि तो सलग राहिला, की पडद्यावर लाल पट्टी यायची: बाळ रडतंय. बोलायला सोपं होतं. पण हर्षदाला टायपिंगसाठी ठाण्याच्या कंत्राटदारानं दिलेला प्रोग्रॅम मोठा हट्टी. एकदा सुरू झाला की अख्खा पडदा गिळून बसायचा, दुसऱ्या कुणाला वर येऊ द्यायचा नाही. लाल पट्टी यायची, पण त्याच्याखाली. काम संपवून प्रोग्रॅम बंद केला की ती दिसायची, आणि तोवर बाळ रडून झोपी गेलेलं असायचं. आवाज झाला की पेटणारा दिवाही लावून पाहिला. हर्षदाची नजर पडद्यावरून हलत नसे आणि दिवा बापडा आपला जळत राही.

धर्मेंद्र क्लासवरून दमून यायचा. हर्षदाचं टायपिंग उरकेपर्यंत आत पडून राहायचा आणि मग प्रोग्रॅमशी झुंजत बसायचा. एकदा पट्टी वर आली, पण कॉम्प्युटरच जागच्या जागी थिजला आणि हर्षदाचं सकाळभराचं काम गेलं. दुष्काळात तेरावा महिना. तिनं मुकाट्यानं पुन्हा टाइप केलं. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

कधीकधी तर समृद्धी शेजारच्या गौराबाईंकडे खेळत असायची, तरी प्रोग्रॅम बंद केला की खाली पट्टी हजर. बाळ रडतंय. हर्षदानं ते दाखवलं की धर्मेंद्र म्हणायचा, चुकतंय कुठंतरी, बघतो. आणि तोंड फिरवायचा. त्यानं तोंड फिरवलं की त्यांच्यातलं बोलणं तिथंच संपे.

आज सकाळी त्यानं आणखी एक बदल करून ठेवला आणि तेवढ्यात आई दारात आली. झालं का तुजं, असं तिनं विचारलं. त्याला खोटं बोलता आलं नाही.

जीप गेल्यावर दोघं घरात आली. हर्षदाचे डोळे भरले होते. धर्मेंद्र तिच्यासमोर उभा राहून सावकाश म्हणाला, "आईकडंच तर गेलीय. रडायचं काय त्यात?"

सकाळच्या बदलाचं काय, असं तिनं विचारलं. तो कसनुसा हसला.

"आता कळायचं कसं? तपासायला रडणार कोण?"

तो आत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

काम थांबून चालणार नव्हतं. हर्षदानं प्रोग्रॅम उघडला, त्यानं पडदा गिळला. दाभोसा गावातल्या घरोघरच्या माणसांची नावं होती. नाव, बापाचं नाव, वय. बोटं आपली चालत होती, मन जीपमागं धावत होतं.

आणि पडद्याच्या माथ्यावर लाल पट्टी उमटली. बाळ रडतंय. खालची नावं जागेवर होती, काही थिजलं नव्हतं. हर्षदा धडपडून उठली. मग तिला आठवलं, झोळी रिकामी आहे.

तिला चीडच आली. पोर गेली आणि आता हे सुचलं याला. वरातीमागून घोडं, आणि तेही खोटारडं. बाहेर एखादी गाडी हॉर्न देत असेल म्हणून तिनं खिडकीतून पाहिलं. रस्ता मोकळा होता. पट्टी गेली. पुन्हा आली. आली ती तशीच राहिली.

हर्षदानं आतलं दार ढकललं. रिकाम्या झोळीखाली धर्मेंद्र भिंतीला टेकून बसला होता. समृद्धीचं झबलं त्यानं तोंडाशी धरलं होतं आणि त्याचे खांदे गदगदत होते. तोंड उघडं होतं, लहान मुलाचं असतं तसं. या घरात आवाज दाबून रडायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

तिला पाहून त्यानं घाईघाईनं डोळे पुसले. "तपासत होतो," तो म्हणाला.

हर्षदानं त्याच्या हातातलं झबलं घेतलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.

"खरं सांगतंय ते," ती म्हणाली. "आधीही खरंच सांगत होतं. उठा, पोशेऱ्याची जीप मिळेल अजून."