सरकीचा डोंगर

"गेलेल्या माणसाची एखादी वस्तू लागेल. पुतळ्याबरोबर अग्नीत द्यायला," यज्ञेश्वर गुरुजी म्हणाले.

श्रीपादने गच्चीकडे बोट दाखवलं. "दादाच्या फळ्या आहेत की! सुकं लाकूड, लगेच पेटेल."

अनसूया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "उद्या सकाळी काय ते देईन, भावजी," ती एवढंच म्हणाली.

फळ्या म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांबलचक पट्ट्या, पुढून वर वळलेल्या, मध्ये पाय अडकवायला चामड्याचे पट्टे. आमच्या फ्रीगंज पेठेत असलं काही कोणी बापजन्मी पाहिलं नव्हतं. शोभाने, म्हणजे श्रीपादच्या बायकोने, त्यांच्यावर वर्षानुवर्षं सांडगे वाळवले. चांगले वाळायचे, खोटं कशाला बोला!

त्या प्रभाकरने, श्रीपादच्या थोरल्या भावाने, आणल्या होत्या. तो काश्मिरात फौजेत होता. शेवटच्या सुट्टीत मोडीत निघालेली ही जोडी खांद्यावर टाकून आला आणि दुसऱ्याच दिवशी नव्या बायकोला, अनसूयाला, घेऊन थेट जिनिंग कारखान्याच्या आवारात गेला. तिथे कापसातून निघालेल्या सरकीचा डोंगर असतो. पठ्ठ्या त्याच्यावर चढला आणि सर्रकन खाली आला. हमाल टाळ्या पिटत होते. "अनू, ये ना, चढ!" तो ओरडला. तिला जायचं होतं. फार जायचं होतं. पण लुगडं, सासूबाई, लोक काय म्हणतील! तिने मान हलवली. "बरं, पुढच्या सुट्टीत," तो म्हणाला.

पुढची सुट्टी आलीच नाही. बर्फाचा कडा कोसळला, त्यात तो गेला. देह सापडला नाही. त्याची ट्रंक तेवढी परत आली. तिच्यात अनसूयाने विणलेली लोकरीची टोपी होती. फौजेने त्याला मेलेला धरलं, पण आपल्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा आणि बायकोचं कुंकू उतरवायचं. तोवर अनसूया धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या आणि ओटी भरायच्या वेळी हळूच नजर चुकवायच्या. शिंद्यांचं राज्य गेलं, मध्य भारत आलं, तेही मोडलं, राजधानी भोपाळला गेली; तिच्या कपाळावरचं कुंकू मात्र होतं तिथेच. रात्री ती टोपी उशीखाली घेऊन झोपायची. एकच गोष्ट तिने मनाशी धरून ठेवली होती: तो कडा कोसळला तेव्हा त्याच्या मनात आपण असणार.

गुरुजी गेल्यावर तिने फळ्यांवरचे सांडगे सुपात काढले, कोनाड्यातली मेणबत्ती घेतली आणि टांगा बोलावला.

"बाई साब, ये क्या है?" जिनिंगच्या चौकीदाराने विचारलं.

"लकडी है. ऊपर चढ़ाने में मदद करो, भैया."

"गिर जाओगी!"

"तो उठूँगी."

माघ चालू होता, सरकीचा ढीग आभाळाला भिडायला आलेला. फळ्यांच्या पोटाला तिने मेण चोळलं, कासोटा घट्ट खोचला. चढताना गुडघाभर पाय रुतत होते. पट्ट्यांत पाय अडकवून पहिल्यांदा ती उभी राहिली आणि तिथेच बदकन बसली. दुसऱ्यांदा आडवी झाली. चौकीदार कपाळाला हात लावून बघत होता. तिसऱ्यांदा मात्र फळ्या सुटल्या.

सुटल्या म्हणजे अशा सुटल्या, की बाईचा श्वासच अडकला! वारा कानात शिरला. पायाखाली सरकी खसखसत होती. पदर मागे उडाला आणि तो सावरायचं तिला सुचलं नाही. खाली ती तोंडावर आपटली, तोंडात सरकी गेली, आणि थू थू करता करता ती हसायला लागली. केवढ्यांदा हसली!

मग एकदम थांबली. आपण हसलो, आणि खाली येताना प्रभाकर मनात नव्हता. कोणीच नव्हतं. त्या वेगात दुसऱ्या कोणाला जागाच नसते. म्हणजे कड्याबरोबर खाली जाताना त्यालाही नसणार. शेवटच्या क्षणीसुद्धा तिथे आपण नव्हतो. सरकीत बसून ती पोटभर रडली. बारा वर्षांत इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं. चौकीदाराने लोटाभर पाणी आणून ठेवलं आणि तो पाठ करून उभा राहिला.

डोळे पुसून ती पुन्हा वर चढली.

सकाळी सिद्धवटाच्या घाटावर जायला टांगा दारात उभा होता. नारळाचं डोकं लावलेला पळसाचा पुतळा टोपलीत निजवला होता. शेजारच्या बायका पदर डोळ्यांना लावून वाट पाहत होत्या. कुंकू उतरवताना ही आकांत करणार, हिला धरावं लागणार, असं त्यांना वाटत होतं. शोभा पुढे झाली तशी अनसूया म्हणाली, "राहू दे गं, मी करते." तिने स्वतःच कपाळ पुसलं. मग आतून लोकरीची टोपी आणली आणि पुतळ्याच्या डोक्यावर नीट, कानांपर्यंत ओढून बसवली, थंडीत निघालेल्या माणसाला घालतात तशी.

बायका आता खरंच रडायला लागल्या. श्रीपादनेही उपरण्याने डोळे टिपले. "वहिनी... आणि त्या फळ्या?"

"त्या कशाला? त्यांची टोपी दिली ना. फळ्या माझ्या आहेत, भावजी. सरकी अजून महिनाभर आहे."