वडील हयात नसल्यास

“मॅडम, आता सांगतो ते तुम्हाला खोटंच वाटणार,” भाऊ खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “पण हवं तर त्या बिबट्याला विचारा!”

अस्मितानं मान खाली घातली. तिला एकच काम दिलं होतं : गप्प बसायचं.

मुलुंडच्या त्या छोट्या ट्रस्टची ही शिष्यवृत्ती वडील हयात नसलेल्या मुलींसाठी होती. अस्मिताला नर्सिंगची सीट मिळाली होती. सोमवारपर्यंत फी भरली नाही तर जाणार होती.

ट्रस्टच्या मृणालिनीबाईंनी फॉर्म वाचला. “अस्मिता शिवदास घाडी. बारावीला एक्क्याण्णव टक्के. वा! आणि आपण?”

“शेजारी. मला सगळे भाऊच म्हणतात. शिवदासला माझ्याइतकं कुणी ओळखत नव्हतं.”

“कशानं गेले?”

“वॉचमन होता, डोंगराकडच्या सोसायटीत. एकदा पहाटे बिबट्या थेट पार्किंगमध्ये! शिवदासनं काय करावं? फाटकन छत्री उघडली. बिबट्या जो सुटला, तो भांडुपला जाऊन थांबला.”

“आणि शिवदास?”

“ओरखडासुद्धा नाही! खुशीत वडापाव खायला बसला, ठसका लागला, खलास.” भाऊंनी खरोखरच डोळे पुसले. “देखणा होता हो. असा माणूस लाखात एक.”

“भाऊ, पुरे ना,” अस्मिता पुटपुटली.

“मृत्यूचा दाखला जोडलेला नाही,” बाई म्हणाल्या.

“घरात पाणी शिरलं, त्यात भिजला. वाळत घातलाय.”

मृणालिनीबाईंनी पेन खाली ठेवलं. “आता जरा मुलीला बोलू द्या. अस्मिता, वडिलांना काय हाक मारायचीस गं?”

तारीख विचारली असती तर तिला पाठ होती. वय, सोसायटीचं नाव, सगळं पाठ होतं. हे कुणी घोकून घेतलं नव्हतं.

“भाऊ,” ती बोलून गेली.

“काय गं?” भाऊ म्हणाले.

मृणालिनीबाईंनी फॉर्म बाजूला सारला. मार्कशीट पुन्हा एकदा नीट पाहिली. मग खण उघडून एक निळा कागद काढला आणि टेबलावरून पुढे सरकवला.

“शिवदासराव, हा भरा. यात वडील जिवंत असले तरी चालतात.”