वळायची खूण

"यात सुटी कुठे आहे?" काळसेकर सरांनी विचारलं.

गार्गीनं तक्त्यात तेरा महिने बसवले होते. दहा महिन्यांत व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, पुढच्या तीन महिन्यांत इन्स्ट्रक्टरचं. इतरांना याला दोन वर्षं लागायची. तिची तीन वर्षांची मनवा आजोळी होती. दिवाळीत भेटून निघताना मनवानं फाटक धरून जो आकांत केला, त्यानंतर गार्गीनं सगळ्या सुट्या खोडल्या होत्या.

सरांनी शुक्रवारच्या उड्डाणाचा नकाशा पुढे ओढला. लांबचा पल्ला, ती एकटीच जाणार होती. पेन्सिलीची रेघ मध्येच डावीकडे वाकली होती.

"हा वळसा कशाला?"

"वळायची खूण आहे, सर. पाण्याची टाकी."

"तीन हजार फुटांवरून टाकी डबीएवढी दिसते. जवळ अख्खं धरण आहे, ते नाही दिसलं?"

"मला टाकी सापडेल, सर."

सरांनी टाकीशेजारचं गावाचं नाव वाचलं. गार्गीच्या प्रवेश अर्जावर तेच होतं.

"तिथे उतरायला जागा नाही," ते म्हणाले. "आणि तीन हजार म्हणजे तीन हजार. खाली यायचं नाही."

"हो, सर."

त्यांनी सही केली.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. "आई, शुक्रवारी सव्वादहाला मनवाला अंगणात आण."

"वर तुझी आई आहे, म्हणून सांगू तिला?"

"नको. खाली ये म्हणून रडेल. नुसतं विमानाला टाटा करायला सांग."