बापाची खाच
दरसाल बंधारा भरला की इनायतचाचा नाव नदीच्या मधोमध नेत, लांब बांबू तळाला टेकवत आणि पाणी जिथवर येईल तिथं चाकूनं खाच पाडत. सगळ्यात वरची, दोन पुरुष पाण्याची खाच त्यांच्या बापानं पाडलेली. पुढच्या खाचा दरसाल खाली उतरत आल्या होत्या. यंदा नावेत प्रिया होती. नदी समुद्राला मिळते तिथं गाळ पोचेनासा झालाय आणि भरतीचं खारं पाणी आत सरकतंय. तो गाळ अडतो कुठं, हे शोधत ती घनसावंगीच्या या बंधाऱ्यापर्यंत आली होती. मधोमध पोचताच नाव रुतली. ती ढकलायला चाचांनी बांबूवर सगळा भार टाकला, तर बांबू चिखलात शिरतच गेला. खडकाला लागून थांबला तेव्हा बापाची खाच बराबर पाण्याला टेकली होती. “हा जुना तळ, मॅडम. मधला सगळा तुमचा गाळ.” बांबू उपसायला गेले तर नावच कलंडू लागली. “उतरून चालत जायचं का?” प्रियानं विचारलं. “न्हाई. छातीपर्यंत आत जाल.” चाचांनी बंधाऱ्याचे दरवाजे सांभाळणाऱ्या मिथुनला फोन लावला. “नाव फसली रे. थोडं पाणी वाढव.” “चाचा, बंधारा काठोकाठ भरला हाय. पाणी मोजायची पट्टी बघूनच सांगून राह्यलो. अजून किती वाढवू?” चाचांनी फोन ठेवला आणि बांबूवरचा हात काढून घेतला. भर नदीत बांबू एकटाच सरळ उभा राहिला.