आस

"चंद्राकाकू, पुढचा आस तुटला," गाडीखालून सरपटत बाहेर येत इस्माईल मिस्त्री म्हणाला. "काकांचं हाड आता परत सांधायचं नाही."

पोलादाचा होता तोवर त्याला सगळे एक्सल म्हणत. घाट खचले, पोलाद संपलं, आणि खडकांवर चढणाऱ्या गाड्यांचे आस मेलेल्या माणसांच्या हाडांपासून वाढवू लागले, तेव्हा बैलगाडीचा जुना शब्द परत आला. हाड भाराने घट्ट होतं, तडकलं तर आपणच जुळतं. घरच्यांनी हो म्हटलं तर ते गाडीला लागे, नाहीतर नदीत सोडत.

"गियर जाड केलेत, ते आता तुटायचे नाहीत. सगळा पीळ आसावर येणार, नुकतं वाढवलेलं कच्चं हाड टिकणार नाही. तुमच्या मधूचं वाढून तयार आहे."

"बाप जन्मभर हमाली करून मेला, मेल्यावरही ओझी वाहिली. पोराला तरी मोकळं सोडू दे, बाबा."

इस्माईलने वर पाहिलं. कड्यावरच्या वाडीत काकूंची लेक अडली होती आणि सुईण गाडीत बसून होती.

काकूंनी मधूच्या हाडाच्या लांबट पेटीवरून पदर फिरवला.

"बसव. पण चढावर सावकाश घे. चढ आला की तो कडेवर घे म्हणायचा."